समुद्रगवत व बैल-बेडूक

समुद्रगवत ही खाऱ्या पाण्यात बुडून वाढणारी सपुष्प वनस्पती होय, तर बैल-बेडूक हा उभयचर वर्गातील (पाणी व जमीन अशा दोन्ही ठिकाणी राहणारा) पृष्ठवंशी प्राणी होय. वर्गीकरणाच्या दृष्टीने या दोहोंत फार मोठे अंतर आहे. तथापि दोघेही पाणी व जमीन यांच्या सीमेवर राहतात. दोघांचेही बाह्य आवरण पातळ असल्याने भोवतालच्या पाण्यातील बऱ्यावाईट द्रव्यांचा त्यांच्या शरीरात सहज प्रवेश होतो. दोघांच्याही संरक्षणाची तरतूद कायद्याने केलेली आहे. परंतु एकाच्या बाबतीत ती जातीला लागू आहे, तर दुसऱ्याच्या बाबतीत जागेला. या भेदामुळे कोणते दोष निर्माण होतात, हे समजण्यासाठी या दोन सजीवांची तुलना उपयुक्त ठरते. प्रस्तुत नोंदीत कोकणच्या खाड्यांतून आढळणारी हॅलोफिला बेकारी ही समुद्रगवताची जाती व भारतात सर्वत्र परिचित असलेली हॉप्लोबॅट्राकस टायगरिनस ही बेडकाची जाती यांचा विचार उत्तर कोकणातील पालघर व बोईसर-तारापूर या भागाच्या संदर्भात केला आहे.

वर्गीकरण : समुद्रगवत हे नाव पानांच्या गवतासारख्या रूपावरून पडले आहे. भात, ऊस, बांबू इ. वनस्पतींचा समावेश असलेल्या तृण कुलाशी त्याचा निकटचा संबंध नाही. शैवलांपासूनही ते भिन्न आहे. शैवलांना खरी मुळे, फुले व बीजे नसतात. समुद्रगवताला ती असतात. एकदलिकित (बीजात एकच दलिका असलेल्या) वनस्पतींच्या ॲलिस्मॅटेलीझ गणात सर्व समुद्रगवतांचा अंतर्भाव होतो. हॅलोफिला ही प्रजाती हायड्रोकॅरिटेसी कुलातील असून गोड्या पाण्याच्या तळ्यांत वाढणाऱ्या हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया या वनस्पतीही याच कुलातील आहेत. प्रजातीच्या नावाचा ग्रीक भाषेतील अर्थ ‘मिठाची आवड असलेली’ असा आहे. बेकारी हे जातिवाचक नाव इटालियन वनस्पतिसंग्राहक ओदोआर्दो बेकारी यांच्या सन्मानार्थ दिलेले आहे. त्यांनी बोर्निओत गोळा केलेल्या नमुन्यांवरून जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पाउल ॲशरसन यांनी १८७१ मध्ये या जातीचे वर्णन केले.

बैल-बेडकाचा समावेश रज्जुमान संघातील उभयचर वर्गाच्या ॲन्यूरा (शेपूट नसलेल्या उभयचरांच्या) गणात व डायक्रोग्लॉसिडी कुलात होतो. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ यांनी १८०२ मध्ये रॅना टायग्रिना या नावाने त्याचे वर्णन केले. जुन्या पाठ्यपुस्तकांत व शाळा-महाविद्यालयांतील विच्छेदनाच्या वहीत हेच नाव रूढ होते. पुढे रॅना या विस्तृत प्रजातीची विभागणी झाल्यावर ही जाती हॉप्लोबॅट्राकस प्रजातीत घालण्यात आली. जातिवाचक नाव अंगावरील वाघासारख्या खुणांवरून दिलेले आहे.

क्रमविकासाच्या (उत्क्रांतीच्या) दृष्टीने या दोन गटांचा प्रवास परस्परविरुद्ध दिशांनी झालेला आहे. सपुष्प वनस्पतींचे पूर्वज जमिनीवर वाढणारे होते. त्यांतील काही शाखा सु. ७ ते १० कोटी वर्षांपूर्वीच्या काळात पुन्हा समुद्राकडे वळल्या व हे संक्रमण निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणे तीन वा अधिक वेळा घडले असे मानतात. याउलट उभयचरांचे पूर्वज मत्स्यसदृश जलचर होते. त्यांनी सु. ३५ कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी जमिनीवर पाऊल ठेवले. परंतु प्रजननासाठी पाण्यावर अवलंबून राहणे त्यांच्यापैकी बहुतेकांना सोडता आले नाही. अशा प्रकारे जमिनीवरून पाण्यात गेलेली वनस्पती व पाण्यातून जमिनीवर अर्धवट आलेला प्राणी एकाच अरुंद किनारपट्टीत जवळजवळ येतात.

शारीरिक लक्षणे : हॅलोफिला बेकारी ही समुद्रगवतांतील अगदी लहान जातींपैकी एक आहे. चिखलात आडवे पसरणारे बारीक मूलक्षोड (जमिनीतील खोड), त्यावरून निघणारे आखूड उभे खोड व त्याच्या टोकाशी झुबक्याने येणारी सु. ६ ते १० पाने असे तिचे रूप असते. पान भाल्याच्या पात्यासारखे, सु. १ सेंमी. लांब व १ ते २ मिमी. रुंद असून देठ पात्याहून लांब असतो. पानांवर रंध्रे (वायूंच्या देवघेवीसाठी असणारी छिद्रे) नसतात. उपत्वचा अत्यंत पातळ असते व तीतूनच पाण्यात विरघळलेला कार्बन व पोषक द्रव्ये आत घेतली जातात. फुले लहान व अनाकर्षक असतात. परागण पाण्यातच होते. परागकण साखळीसारखे एकमेकांस जोडलेले असून ते प्रवाहाबरोबर वाहत जातात.

बैल-बेडूक हा भारतातील सर्वांत मोठ्या बेडकांपैकी एक असून पूर्ण वाढलेल्या प्राण्याची लांबी सु. १६ सेंमी. पर्यंत असते. पाठ हिरवट किंवा तपकिरी असून तीवर गडद ठिपके व लांबट वळ्या असतात. पाठीच्या मध्यावर बहुधा पिवळसर रेघ असते. मागील पायांची बोटे पातळ पडद्याने जोडलेली असतात. विणीच्या हंगामात नराचा रंग पिवळाधमक होतो व गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या स्वरपिशव्या निळ्या दिसतात. त्वचा ओलसर व पार्य (पाणी व विरघळलेले पदार्थ आरपार जाऊ देणारी) असते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ते तो त्वचेतून शोषून घेतो. श्वसनाचा काही भागही त्वचेमार्फतच होतो.

अधिवास : पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस सह्याद्रीचे फाटे आहेत. वैतरणा, तिची उपनदी सूर्या व किनाऱ्यावरील लहान प्रवाह यांच्या मुखांशी खाड्या, चिखलाची मैदाने, तिवरांची वने व मिठागरे आहेत. येथे भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते व तिचा पल्ला दक्षिण कोकणातल्यापेक्षा मोठा असतो. त्यामुळे ओहोटीच्या वेळी विस्तीर्ण चिखलपट्टे उघडे पडतात. किनाऱ्यापासून थोडे आत भातखाचरे, गावतळी व ओहोळ लागतात. यांपैकी खाडीलगतच्या पुष्कळ जमिनी भरतीचे पाणी अडविण्यासाठी घातलेल्या खारबंधाऱ्यांच्या आड तयार झालेल्या आहेत. बंधाऱ्यास ठेवलेल्या उघाडीतून पावसाचे जादा पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर जाते व भरतीचे पाणी आत येत नाही. अशा जमिनींच्या विकासासाठी महाराष्ट्रात १९७९ मध्ये खार जमीन विकास अधिनियम करण्यात आला.

खारबंधारा हा या दोन सजीवांच्या अधिवासांमधील सीमारेषेचे उत्तम उदाहरण होय. हॅलोफिला बेकारी हिची वाढ बंधाऱ्याच्या समुद्राकडील बाजूस असते तशा परिस्थितीत होते. भरती-ओहोटीच्या पट्ट्याचा वरचा भाग, खाडीच्या मुखाजवळील मऊ चिखल, तिवरांच्या श्वसनमुळांमधील मोकळ्या जागा अशा ठिकाणी ती विशेषेकरून वाढते. पाण्याच्या लवणतेतील (खारेपणातील) मोठे चढउतार व ओहोटीच्या वेळी काही तास उघडे पडणे ती सहन करू शकते. गढूळ पाण्यात मात्र पानांपर्यंत पुरेसा प्रकाश पोहोचत नाही, म्हणून ती उथळ भाग सोडून खोल पाण्यात जाऊ शकत नाही. भारतात ओडिशातील चिलिका सरोवर, केरळमधील कडलुंडी खाडी तसेच गोवा व महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या जातीची नोंद झालेली आहे. भारताबाहेर ती आग्नेय आशियातील किनाऱ्यांवर व दक्षिण चीनमध्ये आढळते.

बैल-बेडूक बंधाऱ्याच्या जमिनीकडील बाजूचा रहिवासी होय. त्याची त्वचा पार्य असल्याने खाऱ्या पाण्यात शरीरातील पाणी बाहेर ओढले जाते. अंडी व भैरवे (बेडकाची पिले) तर समुद्राच्या पाण्यात जगूच शकत नाहीत. आग्नेय आशियातील खेकडे खाणारा बेडूक खाजणाचे खारे पाणी सहन करतो. पण असे अपवाद फार थोडे आहेत. पालघर भागात जून ते सप्टेंबर या काळात सु. २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. उन्हाळ्यात जमिनीत दडून राहिलेले बैल-बेडूक पहिल्या जोरदार सरींबरोबर बाहेर येतात. नरांच्या डराँव-डराँव आवाजाने खाचरे दुमदुमतात व थोड्याच दिवसांत प्रजनन उरकते. मादी उथळ, तात्पुरत्या पाण्यात हजारो अंडी घालते. भैरवे मांसाहारी असून इतर बेडकांची व प्रसंगी स्वजातीयांचीही पिले खातात. खाचर आटण्यापूर्वी रूपांतरण पूर्ण होणे आवश्यक असल्याने त्यांची वाढ झपाट्याने होते. प्रौढ बेडूक कीटक, खेकडे, लहान उंदीर, सरडे इ. खातो.

तात्पुरते पाणी हा दोघांच्याही जीवनाचा आधार आहे. समुद्रगवताचे पाणी सहा-सहा तासांनी बदलते, तर बेडकाचे पाणी वर्षातून एकदा येते. भराव घालून अशी जागा कायमची कोरडी केली किंवा खोदून कायमची खोल केली, तरी दोन्ही प्रकारांत ती त्यांना निरुपयोगी होते. वर्षातील काही काळ ओसाड दिसणारी ही जमीन पडीक समजण्याची प्रवृत्ती असते. परंतु चिखलपट्टा ओहोटीत व खाचर उन्हाळ्यात रिकामे दिसणे हे त्यांचे नैसर्गिक रूपच आहे.

महत्त्व : समुद्रगवताची मुळे व मूलक्षोडे चिखल धरून ठेवतात, पाने पाण्यातील गाळ खाली बसवितात. कोळंबी व मासे यांच्या पिलांना तेथे आसरा व अन्न मिळते. सातपाटीसारख्या मोठ्या मासेमारी गावांचे उत्पन्न खोल समुद्रातून येत असले, तरी त्यातील पुष्कळ जातींचे बालपण खाडीच्या उथळ पाण्यात जाते. मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी येथे समुद्रगवताच्या मोठ्या जातींवर समुद्रगाय (ड्यूगाँग) अवलंबून असते. समुद्रगवताच्या पट्ट्यांखालील चिखलात कार्बन दीर्घकाळ साठून राहतो. बैल-बेडूक शेतातील कीटकांवर नियंत्रण ठेवतो. तो स्वतः साप, बगळे, घारी यांचे भक्ष्य आहे. मात्र मूळ प्रदेशाबाहेर हीच जाती उपद्रवी ठरते. अंदमान बेटांवर व मादागास्करमध्ये माणसाकडून गेलेले बैल-बेडूक तेथील स्थानिक प्राण्यांना घातक ठरत आहेत.

संरक्षणविषयक स्थिती : आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघ आपल्या लाल यादीत जातींची वर्गवारी करतो. एखादा सजीव डोळ्यांना किती वेळा दिसतो, यावर ती ठरत नाही. संख्या किती वेगाने घटत आहे, जातीने व्यापलेले क्षेत्र किती आहे, ते तुकड्यातुकड्यांत विभागलेले आहे काय, हे निकष पाहिले जातात. उदा., प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र २,००० चौ. किमी. पेक्षा कमी असून त्यात घट चालू असेल व त्यासंबंधीच्या इतर अटी पूर्ण होत असतील, तर जाती ‘असुरक्षित’ वर्गात येऊ शकते.

हॅलोफिला बेकारी हिची नोंद या यादीत ‘असुरक्षित’ अशी आहे (२०१०). ती जेथे वाढते तेथे दाट गालिचा पसरते. परंतु किनाऱ्यावर तिला योग्य असलेला पट्टा अतिशय अरुंद व तुटक आहे आणि बंदरे, भराव, मत्स्यशेतीची तळी व गाळ यांमुळे तो घटत आहे. जगातील समुद्रगवतांच्या ७२ जातींच्या मूल्यमापनात १० जातींना नष्ट होण्याचा वाढीव धोका असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले. बैल-बेडूक मात्र ‘न्यूनतम चिंता’ या वर्गात आहे. पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत त्याचा प्रसार असून शेती, तळी, गटारे अशा माणसाने बदललेल्या ठिकाणीही तो राहू शकतो. ही वर्गवारी संपूर्ण प्रसारक्षेत्राला उद्देशून असते. एखाद्या तालुक्यातील खाचरे बुजून तेथून बेडूक नाहीसा झाला, तरी जागतिक यादीतील त्याचे स्थान बदलत नाही.

कायद्याच्या दृष्टीने चित्र नेमके उलटे आहे. बैल-बेडकाला संरक्षण मिळाले ते व्यापारामुळे. त्याच्या मागील पायांना अमेरिकेत व पश्चिम यूरोपात मागणी असल्याने भारतातून गोठविलेल्या पायांची मोठी निर्यात होत असे. १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत ती हजारो टनांत होती. पावसाळ्याच्या रात्री दिव्याच्या उजेडात, म्हणजे नेमक्या विणीच्या हंगामात, बेडूक पकडले जात. पकडण्याच्या व मारण्याच्या क्रूर पद्धती आणि पिकांवरील कीटक वाढण्याची भीती यांमुळे या व्यापाराविरुद्ध मत तयार झाले. मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी संबंधित पक्षिशास्त्रज्ञ हुमायूं अब्दुलअली यांनी या निर्यातीविरुद्ध लेखन केले. १९८५ मध्ये ही जाती वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या (सायटीस) दुसऱ्या परिशिष्टात आली व १९८७ मध्ये भारताने बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली. निर्यातबंदीने मोठ्या प्रमाणावरील पकड थांबली, हे या उपायाचे यश होय.

तथापि या संरक्षणात बेडकाच्या प्रजननाच्या जागेचा समावेश नाही. केंद्र शासनाच्या २०१७ च्या पाणथळ भूमी नियमांतून भातखाचरे व पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत. म्हणजे बेडूक पकडून विकणे निषिद्ध, परंतु खाचर बुजवून त्याची पुढील पिढी नाहीशी करणे बेडकाच्या कायद्याच्या कक्षेबाहेर, अशी स्थिती होते. समुद्रगवताचे याच्या विरुद्ध आहे. त्याला बाजारात मागणी नाही व हॅलोफिला बेकारी ही जाती सायटीसच्या परिशिष्टांत नाही. पण २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत समुद्रगवताचे पट्टे परिस्थितिविज्ञानदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांत नावानिशी घालण्यात आले व २०१९ च्या अधिसूचनेतही ते कायम आहेत. हे संरक्षण नकाशावर अवलंबून आहे. ज्या पट्ट्याची नोंद नकाशात झाली, त्यालाच ते मिळते. सेंटिमीटरभर उंचीची, चिखलाने माखलेली ही वनस्पती दुरून शेवाळासारखी दिसते व उपग्रहचित्रांत सहज ओळखू येत नाही. त्यामुळे ओहोटीच्या वेळी प्रत्यक्ष चिखलात जाऊन केलेल्या सर्वेक्षणाला पर्याय नाही.

बोईसर-तारापूर परिसर : तारापूर येथील अणुविद्युत् केंद्रातून १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली, या केंद्राच्या शीतनासाठी समुद्राचे पाणी वापरले जाते. बोईसरलगत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत असून तीत रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. त्यांचे सांडपाणी सामाईक केंद्रात प्रक्रिया करून नळाने नवापूरजवळ समुद्रात सोडण्याची योजना आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात हवा, पाणी व जमीन यांचा एकत्रित विचार करता तारापूरला ९३.६९ गुण मिळाले. हे गुण देशातील औद्योगिक समूहांत सर्वाधिक होते. पातळ उपत्वचेची पाने व पार्य त्वचा असलेल्या सजीवांच्या दृष्टीने अशा परिसरातील पाण्याच्या प्रतीला विशेष महत्त्व आहे. समुद्रगवताला विषारी द्रव्यांइतकाच गढूळपणा व पोषक द्रव्यांचे आधिक्य घातक असते, कारण त्यामुळे पानांवर शैवल वाढून प्रकाश अडतो. बेडकाच्या बाबतीत कीटकनाशके व जड धातू यांचा परिणाम प्रथम भैरव्यांवर होतो.

जाती किंवा जागा यांपैकी एकाचेच संरक्षण करण्याऐवजी संपूर्ण प्रदेशाच्या जमीनवापरावर नियंत्रण ठेवण्याचा तिसरा मार्गही याच जिल्ह्यात अवलंबिण्यात आला. तारापूरच्या उत्तरेस असलेला डहाणू तालुका केंद्र शासनाने २० जून १९९१ रोजी परिस्थितिविज्ञानदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला व तेथील उद्योगांवर मर्यादा घातल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चं. शं. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण येथील बंदर अनुज्ञेय नसल्याचा निर्णय दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह परवानगी दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी बंदराची कोनशिला बसविण्यात आली. प्रादेशिक संरक्षणात खाचर व खाडी या दोहोंचा एकत्र विचार होऊ शकतो, हा त्याचा गुण होय. तो निर्णय पुढे बदलता येतो, ही त्याची मर्यादा होय.

या तुलनेवरून असे दिसते की, लाल यादीतील वर्ग, जातीला मिळालेले कायदेशीर संरक्षण व अधिवासाला मिळालेले संरक्षण या तीन भिन्न गोष्टी असून त्यांपैकी एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. बैल-बेडूक विपुल असूनही व्यापारापासून संरक्षित आहे. पण त्याचे खाचर उघडे आहे. समुद्रगवत असुरक्षित असून त्याच्या पट्ट्याला कायद्याचे छत्र आहे. पण तो पट्टा आधी कोणी तरी ओळखून नोंदवावा लागतो. खारबंधाऱ्याच्या दोन्ही बाजूंचे पाणी उघाडीतून एकमेकांस मिळत असल्याने शेतातील कीटकनाशक अखेर खाडीत पोहोचते व बंधारा फुटल्यास खाडीचे खारे पाणी शेतात शिरते. त्यामुळे एका बाजूचे रक्षण दुसरीकडे दुर्लक्ष करून फार काळ टिकू शकत नाही.